दुर्लक्षित खेळाडूचे गणित

अमेरिकेत ऑगस्ट महिना आला की ठिकठिकाणी एक गमतीदार बैठक भरते. दहा-बाराजण एकत्र जमतात. प्रत्येकापुढे आकड्यांनी भरलेले तक्ते असतात. आळीपाळीने एकेकजण एका खेळाडूचे नाव पुकारतो आणि तो खेळाडू त्याच्या संघात जमा होतो. त्या खेळाडूला मात्र याची गंधवार्ताही नसते! तो कुठल्यातरी विद्यापीठाच्या मैदानावर सराव करत असतो. या बैठकीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि खेळाला ‘फॅन्टसी फुटबॉल’, म्हणजे कल्पित संघाचा फुटबॉल. आज ही बैठक बहुधा संगणकावरच भरते, पण नियम तेच आहेत.

विद्यार्थी मित्रहो, या खेळात जिंकायचे असेल तर सर्वांना ठाऊक असलेला चांगला खेळाडू निवडून फारसा उपयोग नाही. तो तर पहिल्या फेरीतच कोणीतरी उचलतो. जिंकतो तो, ज्याला इतरांनी कमी लेखलेला खेळाडू ओळखता येतो. तो कसा ओळखायचा? या प्रश्नामागे जे विज्ञान आहे, ते तुमच्या पाठ्यपुस्तकातील विज्ञानाहून वेगळे नाही.

खेळाची तोंडओळख

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू लंबगोल असतो आणि तो मुख्यतः हातांनी खेळला जातो. १०० यार्ड लांबीच्या मैदानावरून तो प्रतिपक्षाच्या टोकापलीकडे नेला की ‘टचडाउन’ होतो व संघाला ६ गुण मिळतात. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, घेऊन धावणारा तो रनिंग बॅक आणि दूरवर झेलणारा तो वाइड रिसीव्हर.

ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात काही मित्रांसह कल्पित संघाच्या खेळाचे नियम बसवले. १९६३ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. आजच्या प्रचलित पद्धतीत धावून किंवा झेलून मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाउनला ६ गुण, फेकीतून मिळालेल्या दर २५ यार्डांना १ गुण आणि टचडाउनच्या फेकीला ४ गुण देतात. खऱ्या सामन्यात तुमच्या खेळाडूने जे केले, त्यावरून तुमचे गुण ठरतात.

व्यावसायिक संघ ३२ आहेत. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात मात्र १३० हून अधिक विद्यापीठे आहेत आणि प्रत्येकाकडे ८० हून अधिक खेळाडू. म्हणजे दहा हजारांवर नावे झाली! त्यांतील बरेच दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात व नवे येतात. इतक्या सर्वांची नीट माहिती ठेवणे कोणाला शक्य आहे? म्हणूनच येथे चुकीचे अंदाज फार होतात आणि विचार करणाऱ्याला संधीही फार मिळते.

पहिली पायरी : उंची कोठून मोजायची?

समजा, ड्राफ्टला १२ जण बसले आहेत. प्रत्येकाला १ क्वार्टरबॅक आणि २ रनिंग बॅक हवेत. सर्वोत्तम क्वार्टरबॅक मोसमात ४०० गुण मिळवील आणि सर्वोत्तम रनिंग बॅक ३०० गुण, असा तुमचा अंदाज आहे. आधी कोणाला घ्याल?

बहुतेक जण म्हणतील, ४०० वाल्याला. पण जरा थांबा. १२ क्वार्टरबॅक निवडून झाल्यावर उरलेल्यांतला पहिला, म्हणजे तेरावा, समजा ३४० गुणांचा आहे. तो तर कोणालाही सहज मिळेल. म्हणजे सर्वोत्तम क्वार्टरबॅकमुळे तुमचा खरा फायदा ६० गुणांचाच. उलट २४ रनिंग बॅक गेल्यावर उरलेला पंचविसावा समजा १६० गुणांचा आहे. येथे सर्वोत्तमाचा फायदा १४० गुणांचा! म्हणजे कमी गुणांचा खेळाडू अधिक मोलाचा ठरला.

तुम्ही स्थितिज ऊर्जा शिकला आहात. तिसऱ्या मजल्यावरील खोलीत टेबलावरून उडी मारली, तर पायाला बसणारा धक्का टेबलाच्या उंचीवर अवलंबून असतो, इमारतीच्या उंचीवर नाही. कारण तुम्ही पडता ते त्या खोलीच्या जमिनीवर. खेळाडूचे मोलही असेच त्याच्या ‘जमिनीपासून’ मोजावे लागते. ही जमीन म्हणजे त्याच्या जागी सहज मिळणारा दुसरा खेळाडू.

दुसरी पायरी : दुर्मीळ घटनांवर भिस्त नको

आता दोन रनिंग बॅक पाहू. ‘अ’ने गेल्या वर्षी २२५ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, पण टचडाउन केले ४. ‘ब’ने १०० वेळा धाव घेतली आणि टचडाउन केले ९. वर्तमानपत्रांत ‘ब’चे फोटो छापून आले. ड्राफ्टमध्येही तोच आधी जातो.

येथे भौतिकशास्त्रातील एक नियम उपयोगी पडतो. किरणोत्सारी पदार्थाजवळ गायगर गणित्र ठेवून ठोके मोजले, तर दर वेळी तीच संख्या येत नाही. एखाद्या वेळी N ठोके आले, तर साधारण N च्या वर्गमुळाएवढा कमीअधिकपणा केवळ योगायोगाने येऊ शकतो. ९ ठोक्यांत ३ चा फरक, म्हणजे सुमारे ३३ टक्के. २२५ ठोक्यांत १५ चा फरक, म्हणजे सात टक्क्यांहूनही कमी. फुटबॉलच्या घटना अणूंच्या विघटनाइतक्या एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा नियम येथे ढोबळमानानेच लागू पडतो. पण त्यातला मुद्दा पक्का आहे : घटना जितकी दुर्मीळ, तितका तिच्यात योगायोगाचा वाटा मोठा.

‘ब’च्या ९ टचडाउनपैकी काही कदाचित अशी असतील, की दुसऱ्याने चेंडू पार टोकाशी आणून ठेवला आणि शेवटची दोन पावले याने टाकली. ‘अ’वर मात्र प्रशिक्षकाने २२५ वेळा विश्वास टाकला, ही गोष्ट योगायोगाची नाही. यंदाही तो संघात त्याच भूमिकेत असेल, तर टचडाउनची संधी त्याला अनेकदा मिळेल. दुर्लक्षित खेळाडू शोधताना आधी संधी मोजा, यश नंतर.

तिसरी पायरी : सरासरीकडे परतणे

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडपी व त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले उंच होती, पण सरासरीपासून आईबाप जितके दूर, तितकी दूर ती नव्हती. ते अंतर सुमारे दोन तृतीयांश भरले. ठेंगण्या आईबापांची मुलेही तशीच सरासरीकडे सरकलेली आढळली.

खेळातही हेच घडते. एखाद्या वर्षाची कामगिरी म्हणजे कौशल्य अधिक नशीब. सर्वांत वरच्या जागी पोचलेल्यांत कौशल्य असतेच, पण त्या वर्षी बहुधा नशिबानेही साथ दिलेली असते. पुढच्या वर्षी कौशल्य बरोबर येते, नशीब येईलच असे नाही. म्हणून गेल्या वर्षीचा पहिला खेळाडू यंदा बहुधा थोडा खाली येतो. ड्राफ्टमध्ये मात्र त्याची किंमत गेल्या वर्षीच्या शिखरावरून ठरलेली असते.

चौथी पायरी : परिस्थिती बदलली का?

खेळाडूचे उत्पन्न तीन गोष्टींच्या गुणाकाराने मिळते : संघाने खेळलेले डाव, त्यांतील त्याचा वाटा आणि दर डावामागे त्याने मिळवलेले यार्ड. दोन संघांपैकी एक सामन्यात ६० डाव खेळतो आणि दुसरा ८०. बाकी सारे सारखे असले, तरी दुसऱ्या संघातील खेळाडूला एक तृतीयांश अधिक मिळते! नवा प्रशिक्षक आला, एखादा ज्येष्ठ खेळाडू पदवी घेऊन गेला किंवा कोणी विद्यापीठ बदलले, की या तीन आकड्यांपैकी एखादा बदलतो. गेल्या वर्षीचा तक्ता हे सांगत नाही.

लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या जो बरो या क्वार्टरबॅकचे उदाहरण घ्या. २०१८ च्या मोसमात त्याने ३७९ फेकी केल्या, २,८९४ यार्ड मिळवले आणि टचडाउनच्या फेकी केल्या १६. आकडे साधेच होते. २०१९ साली जो ब्रॅडी हा तरुण प्रशिक्षक व्यावसायिक फुटबॉलमधून तेथे आला आणि संघाने चेंडू फेकण्यावर भर देणारी नवी पद्धत स्वीकारली. त्या मोसमात बरोने ५२७ फेकी केल्या, ५,६७१ यार्ड मिळवले आणि टचडाउनच्या फेकी केल्या ६०! ६० हा आकडा कोणालाही आधी सांगता आला नसता. पण संघाची पद्धत बदलते आहे, हे मोसमापूर्वीच दिसत होते.

किंमत ही शेवटी मतच

केड मॅसी आणि अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी व्यावसायिक संघांच्या खऱ्या ड्राफ्टचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेवर त्याच्यानंतर निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता अवघी ५२ टक्के होती. म्हणजे नाणेफेकीहून जरासेच बरे! आणि तरीही संघ वरच्या क्रमांकांसाठी भरमसाट किंमत मोजत होते. मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रॅडी २००० सालच्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक घेतले गेले. पुढे त्याने सात वेळा व्यावसायिक अजिंक्यपद मिळवले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १९९ वा निवडलेला प्रत्येक जण टॉम ब्रॅडी नसतो. उशिरा निवडलेले बहुतेक खेळाडू खरोखरच मागे पडतात. कमी किंमत हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. कमी किंमत आणि तिच्याशी न जुळणारा पुरावा, ही दोन्ही एकत्र दिसली तरच खेळाडू ‘दुर्लक्षित’ म्हणावा.

वर्गात करून पाहा

यासाठी पैसे लावण्याची मुळीच गरज नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलाच आहे. आपला प्रयोग एका नाण्याचा.

वर्गातील २० मुलांनी प्रत्येकी १० वेळा नाणे उडवावे आणि छाप किती वेळा आला ते फळ्यावर लिहावे. सर्वांत अधिक छाप मिळवणाऱ्या चौघांची टाळ्या वाजवून वाहवा करा. सर्वांत कमी मिळवणाऱ्या चौघांना लटकेच रागवा. आता या आठ जणांना पुन्हा १० वेळा नाणे उडवू द्या. दोन्ही गटांची सरासरी बहुधा ५ च्या जवळ येईल. वाहवा केलेले खाली आले आणि रागावलेले वर चढले! पाहणाऱ्याला वाटेल, शाबासकीने मुले बिघडतात आणि रागावल्याने सुधारतात. नाण्याला मात्र दोन्हींचा पत्ता नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग चाचणीचे गुण वाचून दाखवण्याच्या आदल्या दिवशी अवश्य करावा. चाचणीतील गुण अर्थातच नाणेफेक नव्हेत, त्यांत अभ्यासाचा मोठा वाटा असतो. पण एकाच चाचणीवरून ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी यादी करणारा माणूस ९ टचडाउन पाहून ‘ब’ला आधी निवडणाऱ्यासारखाच वागत असतो. नाण्याचे आकडे वहीत जपून ठेवा, महिन्याने तीच आठ मुले घेऊन प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा.