वॉरंटीतला बदली टॅब: नवा की रिफर्बिश्ड?

वॉरंटीच्या मुदतीत बिघडलेल्या टॅबच्या बदल्यात कंपनीकडून मिळणारा टॅब नवाच असेल, असे नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वॉरंटीपत्रात हे लिहिलेलेच असते, फक्त ते कोणी वाचत नाही. अ‍ॅपलच्या एक वर्षाच्या वॉरंटीत कंपनीने आपल्याकडे तीन मार्ग राखून ठेवले आहेत. नव्या किंवा आधी वापरलेल्या, पण तपासणीत उतरलेल्या सुट्या भागांनी दुरुस्ती करायची. अशाच भागांपासून तयार केलेला त्याच मॉडेलचा दुसरा टॅब द्यायचा. किंवा टॅब परत घेऊन पैसे द्यायचे. अ‍ॅमेझॉनच्या फायर टॅबच्या वॉरंटीतही बदली टॅब नवा किंवा रिफर्बिश्ड असू शकतो असे म्हटले आहे. मार्ग कोणता, हे कंपनी ठरवते. 'वॉरंटी आहे, खराब निघाला तर नवा मिळेल' ही ग्राहकाची समजूत असते आणि विकताना काउंटरवरही पुष्कळदा तेच ऐकू येते. वॉरंटीपत्रात मात्र एवढे सरळ वचन सहसा सापडत नाही.

रिफर्बिश्ड म्हणजे सेकंडहँड नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. सेकंडहँड टॅब एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जसाच्या तसा जातो. रिफर्बिश्ड टॅब कारखान्यात किंवा अधिकृत दुरुस्ती केंद्रात उघडला जातो, सदोष भाग बदलले जातात, आधीच्या मालकाची माहिती पुसली जाते, चाचण्या होतात आणि मग तो पुन्हा बाहेर पडतो. अ‍ॅपल स्वतःच्या दुकानातून जे रिफर्बिश्ड आयपॅड विकते, त्यांना बॅटरी आणि बाहेरचे आवरण दोन्ही नवे बसवलेले असते. असा टॅब हातात घेतल्यावर नव्यापेक्षा वेगळा वाटत नाही. वेगळेपण आत असते. मुख्य सर्किट बोर्ड, त्यावरची साठवण चिप, कॅमेरा, स्पीकर यांपैकी काही भाग आधी कोणीतरी वापरलेले असू शकतात. ते किती वापरलेले आहेत, हे ग्राहकाला बाहेरून कळण्याची सोय नसते.

टॅबच्या बाबतीत हा प्रश्न इतका वारंवार का येतो, याचे उत्तर टॅबच्या बांधणीत आहे. डेस्कटॉप संगणक चार स्क्रू काढून उघडतो, मेमरी बदलायची तर पाच मिनिटांचे काम. टॅब पातळ ठेवायचा म्हणून काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले, बॅटरी गोंदाने घट्ट बसवलेली आणि मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली. मायक्रोसॉफ्टचा पहिला सरफेस प्रो २०१३ मध्ये बाजारात आला, तेव्हा दुरुस्तीची सुलभता मोजणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्याला १० पैकी १ गुण दिला होता. उघडतानाच काच तडकण्याची भीती असेल, तर सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर दुरुस्ती करत बसणे कंपनीला परवडत नाही. त्यापेक्षा दुसरा टॅब देऊन खराब टॅब मध्यवर्ती केंद्राकडे पाठवणे स्वस्त पडते. तिथे तो उघडला जातो, दुरुस्त होतो आणि पुढच्या कोणाच्या तरी तक्रारीवर बदली टॅब म्हणून जातो.

ही पद्धत पहिल्या आयपॅडपासूनच चालत आली. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीला आला, तेव्हा बॅटरी क्षीण झाली तर काय, या प्रश्नाला अ‍ॅपलचे उत्तर असे होते की ९९ डॉलर आणि पाठवणीचा खर्च भरा, बॅटरी बदलण्याऐवजी आयपॅडच बदलून मिळेल. आपल्या फाइल्स त्यात नसतील, हेही तेव्हाच बजावले होते. एखादे मॉडेल बाजारात येऊन थोडेच आठवडे झाले असतील, तर परत आलेल्या टॅबांचा साठाच तयार झालेला नसतो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात बदली टॅब संपूर्ण नव्या भागांचा असण्याची शक्यता जास्त. मॉडेल जुने होत जाते तशी ती शक्यता कमी होते.

हातात आलेला टॅब कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. बदली टॅब बहुधा साध्या खोक्यात येतो, चार्जर आणि केबलशिवाय, आणि त्याचा अनुक्रमांक वेगळा असतो. आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये मॉडेल क्रमांकाचे पहिले अक्षर पाहिले तर आणखी कळते: एम म्हणजे दुकानात नवा म्हणून विकलेला, एफ म्हणजे रिफर्बिश्ड म्हणून विकलेला, पी म्हणजे नाव वगैरे कोरून घेतलेला आणि एन म्हणजे बदली म्हणून दिलेला. पण एन या अक्षरावरून तो बदलीचा आहे एवढेच समजते; आतले भाग नवे की वापरलेले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. बॅटरीपुरता मात्र थोडा उजेड पडला आहे. २०२४ च्या आयपॅड एअर आणि आयपॅड प्रोपासून बॅटरी कधी बनली आणि किती वेळा चार्ज झाली, हे सेटिंग्जमध्ये दिसते.

बदली टॅबची वॉरंटी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होत नाही, आणि याचा फटका अनेकांना उशिरा जाणवतो. अ‍ॅपलच्या नियमानुसार मूळ वॉरंटीचे उरलेले दिवस किंवा बदलीच्या तारखेपासून ९० दिवस, यांपैकी जी मुदत जास्त ती लागू होते. टॅब तिसऱ्या महिन्यात बदलला तर नऊ महिने हाताशी राहतात. अकराव्या महिन्याच्या अखेरीस बदलला तर ९० दिवस. आत वापरलेले भाग असू शकतात असे कंपनीच सांगत असेल, तर तीन महिन्यांची हमी तुटपुंजी आहे.

इथवरचा सगळा हिशेब वॉरंटीपत्राचा झाला. वॉरंटी हे उत्पादकाने स्वतःहून दिलेले वचन असते, त्यामुळे त्याच्या अटीही तोच ठरवतो. वस्तू विकली गेली की कायद्याने ग्राहकाला मिळणारे हक्क त्याहून वेगळे असतात, आणि नवा की रिफर्बिश्ड या प्रश्नाचे उत्तर तिथे बदलते.

अमेरिकेत वॉरंटीवर देखरेख करणारा मॅग्नसन-मॉस कायदा १९७५ चा आहे. त्यातल्या व्याख्येनुसार 'बदलून देणे' म्हणजे तशीच किंवा वाजवीपणे तिच्या तोडीची नवी वस्तू देणे. 'नवी' हा शब्द कायद्यातच आहे. पण बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची सक्ती 'पूर्ण' वॉरंटीला लागू होते, 'मर्यादित' वॉरंटीला नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वॉरंटीपत्रावर 'मर्यादित' हा शब्द ठळकपणे का असतो, याचे एक मोठे कारण हेच. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅपलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. पैसे मोजून घेतलेल्या अ‍ॅपलकेअर योजनेत बदली उपकरण 'कार्यक्षमता आणि विश्वासार्हता यांत नव्याच्या तोडीचे' असेल असे वचन होते. रिफर्बिश्ड आयपॅड आणि आयफोन त्या तोडीचे नसतात, असा ग्राहकांचा दावा होता. कंपनीने आरोप फेटाळले, पण ९.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तिला मंजुरी दिली. तडजोड झाल्यामुळे रिफर्बिश्ड टॅब खरोखर नव्याच्या तोडीचा असतो का, यावर न्यायालयाचा निवाडा झालाच नाही.

युरोपात तो जास्त स्पष्टपणे झाला. डेन्मार्कच्या न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये एका आयफोन ४ च्या खटल्यात रिफर्बिश्ड फोन देणे तिथल्या खरेदी-विक्री कायद्यात बसत नाही असे ठरवले. पुढच्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या न्यायालयासमोर आयपॅड आला. ग्राहकाने नवा आयपॅड घेतला होता, काही महिन्यांत तो बिघडला आणि कंपनी रिफर्बिश्ड देऊ करत होती. नव्याचे पैसे घेतले असतील तर बदली उपकरणही नवेच हवे, असा निकाल लागला.

यावर कंपन्यांचा आक्षेप असतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. आठ महिने वापरलेल्या टॅबच्या जागी कोरा करकरीत टॅब दिला, तर आठ महिन्यांचा वापर ग्राहकाला फुकट मिळाला असे होत नाही का? या प्रश्नाची तड युरोपीय न्यायालयाने एका स्वयंपाकाच्या शेगडीच्या खटल्यात लावली आहे. क्वेले या जर्मन कंपनीने २००२ मध्ये विकलेली ओव्हनची शेगडी सुमारे दीड वर्षाने सदोष निघाली. कंपनीने ती बदलून दिली, पण मधल्या वापराचे सुमारे ७० युरो मागितले. १७ एप्रिल २००८ च्या निकालात न्यायालयाने असे पैसे मागता येत नाहीत असे सांगितले. ग्राहकाने किंमत पूर्ण भरून आपली बाजू पाळली होती. विक्रेत्याने निर्दोष वस्तू देऊन आपली पाळली नव्हती. सदोष वस्तू देणाऱ्याची चूक सुधारताना तिचा भार घेणाऱ्यावर पडू नये, हे तत्त्व त्यामागे आहे, आणि रिफर्बिश्ड टॅबच्या वादातही तेच लागू पडते.

तरी युरोपने रिफर्बिश्डला दार बंद केलेले नाही. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या निर्देशानुसार ग्राहकाने स्वतः स्पष्टपणे मागितले, तर विक्रेता रिफर्बिश्ड वस्तू देऊ शकतो. त्यात शहाणपण आहे. टॅबच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाचाच असतो, म्हणून चांगला बोर्ड भंगारात टाकणे कोणाच्याच हिताचे नाही. तो वापरला जावा, पण ग्राहकाला विचारून.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तिथल्या ग्राहक नियमांनुसार दुरुस्तीसाठी आलेल्या वस्तूऐवजी रिफर्बिश्ड वस्तू देण्याची प्रथा असेल, तर तशी सूचना ग्राहकाला आधी लेखी द्यावी लागते. बाहेर दुरुस्त केलेले आयफोन आणि आयपॅड सुधारून देण्यास नकार दिल्याच्या प्रकरणात २०१८ मध्ये अ‍ॅपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्याच वेळी, मोठा दोष असलेल्या उपकरणाच्या बदल्यात ग्राहकाने मागितल्यास नवेच उपकरण देण्याचे कंपनीने तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाकडे मान्य केले.

भारतातला कायदा याबाबत बऱ्याच जणांना वाटतो त्याहून ग्राहकाच्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ खाली, वस्तूत दोष असल्याचे सिद्ध झाले तर ग्राहक आयोग तो दूर करण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा त्याच वर्णनाची, कोणताही दोष नसलेली नवी वस्तू देण्याचा आदेश देऊ शकतो. 'नवी' हा शब्द इथेही कायद्यातच आहे. दुसरी तरतूद तितकीच कामाची आहे. पुन्हा बांधलेली, वापरलेली किंवा नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे ही या कायद्याच्या व्याख्येत 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरते. याचा अर्थ वॉरंटीपत्रात लिहून, सांगून रिफर्बिश्ड टॅब देणे ही फसवणूक नव्हे. तो नवा आहे असे सांगून देणे ही फसवणूक आहे.

हक्क बजावायचा तर पुरावा लागतो, आणि बहुतेक तक्रारी तिथेच लंगड्या पडतात. दोष वापरातून आलेला नाही, मुळातला आहे, हे दाखवण्याचा भार ग्राहकावर येतो. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो, पण त्याआधी बिल, सर्व्हिस सेंटरची प्रत्येक वेळची जॉबशीट आणि तिच्यावर लिहिलेले बिघाडाचे वर्णन जपलेले असावे. टॅब तिथे ठेवताना जुना अनुक्रमांक आणि घेताना नवा अनुक्रमांक जॉबशीटवर उतरवून घ्यावा. 'हा नवा आहे का?' हे तोंडी न विचारता ई-मेलने विचारले, तर येणारे उत्तर पुढे उपयोगी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, ती राहत्या जिल्ह्यातही करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. म्हणजे मुंबईतल्या दुकानातून मागवलेल्या टॅबसाठी गडचिरोलीच्या ग्राहकाला मुंबई गाठावी लागत नाही.

पहिल्या काही दिवसांतला बिघाड ही वेगळी गोष्ट आहे. खोके उघडताच टॅब सुरू झाला नाही किंवा आठवड्याच्या आत बंद पडला, तर अनेक दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते ठरावीक मुदतीत तो आपल्या साठ्यातल्या सीलबंद टॅबने बदलून देतात. त्यासाठी पुष्कळदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून टॅब सुरुवातीपासून खराब असल्याचा दाखला आणावा लागतो. बाजारात त्याला डीओए म्हणतात. ही मुदत काही ठिकाणी सातच दिवसांची असते. ती संपल्यावर प्रकरण कंपनीच्या वॉरंटीकडे जाते आणि बदली टॅब रिफर्बिश्ड येण्याची शक्यता तिथून सुरू होते. म्हणून नवा टॅब घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत तो रात्रभर चार्ज करून पाहणे, वायफाय, दोन्ही कॅमेरे, स्पीकर आणि काचेचे चारही कोपरे तपासणे आणि काही खटकले तर त्याच दिवशी लेखी कळवणे गरजेचे असते.