वीस किलोंचा हिशेब

सकाळी ७.३०
वजनकाट्यावर टेम्पो उभा आहे. आतल्या सगळ्या प्लेटा शेतपंपाच्या, बऱ्याच जणींच्या काचा गारपिटीत तडकलेल्या. कागदावर 'सौर मॉड्यूल' लिहितात. आमच्या शेडमध्ये त्या प्लेटाच. उतरवण्याआधी मी ताडपत्री मागवते. काच फुटली तरी प्लेट उजेडात वीज बनवतच राहते. साठ सेलची एक प्लेट उन्हात चाळीस व्होल्टच्या आसपास देते. पाच-सहा एकमेकींना जोडलेल्याच आल्या, तर झटका जिवावर बेतू शकतो.

सकाळी ८.३०
मागच्या लेबलवरून कंपनी, वॅट, अनुक्रमांक वहीत उतरवायचे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर प्लेटाही आल्या आणि त्यांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर आली. प्लेट कुणाची हे सांगणारं लेबल म्हणूनच जपून काढायचं.

सकाळी १०.००
अखंड काचेच्या प्लेटांची तपासणी. मीटर अडतीसऐवजी पंचवीस व्होल्ट दाखवतो, तेव्हा मला बरं वाटतं. जंक्शन बॉक्समध्ये साधारण तीन डायोड असतात. एक शॉर्ट झाला की एक तृतीयांश व्होल्टेज जातं. पुष्कळदा डायोड बदलला की प्लेट पुन्हा कामाला लागते. जी चालू शकते ती मोडायची नाही, हा इथला पहिला धडा.

सकाळी ११.३०
उरलेल्यांच्या केबल आणि जंक्शन बॉक्स निघतात. मग मशीन ॲल्युमिनियमची चौकट बाजूंनी ओढून काढतं. काही मिनिटांचं काम, आणि चांगला भाव याच मालाला.

दुपारी १.००
"आधी हात, मग डबा," मावशी रोज बजावतात. सेल जोडणाऱ्या डाखात शिसं असतं. कामाचे कपडे उतरवून, साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या खोलीत कुणीही शिरत नाही.

दुपारी २.००
आता खरी मेहनत. काच आणि सेल यांच्यामध्ये ईव्हीए नावाचा पारदर्शक थर आहे. पंचवीस वर्षं ऊन-पावसात सुटू नये म्हणूनच तो बसवलेला. तो आम्हाला सोडवायचा असतो. अखंड काच तापलेल्या पात्याने सोलून निघते. तडकलेली प्लेट दळावी लागते, मग चाळण्या लावून काच, धातू, सिलिकॉन वेगळे करायचे. धूळ छातीत बसते, म्हणून मास्क. जाळणं तर नकोच: अनेक प्लेटांच्या मागच्या थरात फ्लोरिन असतं, त्याचा धूर विषारी.

दुपारी ४.००
भंगारवाले मामा येतात. "ताई, चौकटी आणि वायरी गावातच विकल्या. आता ही काच घ्या." गोणीत काचा, माती, तुटके सेल एकत्र. "मामा, पुढच्या वेळी अख्खी आणा," मी म्हणते. ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या पैशावरच काच सोडवण्याचा खर्च निघतो. ते आधीच गेलं, तर उरलेली गोणी कुणाला परवडत नाही आणि ओढ्याकाठी जाऊन पडते.

सायंकाळी ५.३०
दिवसाचा हिशेब. वीस किलोंच्या एका प्लेटमध्ये चौदा-पंधरा किलो काच, दोनेक किलो ॲल्युमिनियम, जवळपास तितकंच प्लास्टिक, पाऊण किलोच्या आत-बाहेर सिलिकॉन, थोडं तांबं आणि काही ग्रॅम चांदी. ती चांदी मिळवायला आम्ल लागतं; ते काम उघड्यावर, घमेल्यात करायचं नसतं.

तुमच्या छतावरची किंवा शेतातली प्लेट निकामी झाली, तर आधी जाणकाराकडून ती तपासून घ्या. खरंच संपली असेल, तर चौकट काढू नका, केबल कापू नका. कोरड्या जागी, झाकून, उभी ठेवा आणि जिने बसवली त्या कंपनीला किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राला द्या. अख्खी आलेली प्लेटच पूर्ण वसूल होते.