धूळ ओढणारी देखणी यंत्रं

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात फॉक्स नावाचं एक भव्य जुनं थिएटर आहे. तिथल्या अवाढव्य वुर्लिट्झर ऑर्गनवर स्टॅन कॅन हे वादक दोन दशकांहून अधिक काळ बसत असत. वादक म्हणून त्यांचं नाव होतंच, पण देशभर लोक त्यांना ओळखू लागले ते व्हॅक्यूम क्लीनरमुळे. विनोदी अभिनेत्री फिलिस डिलर यांच्या शिफारशीवरून ते 1966 मध्ये जॉनी कार्सन यांच्या टीव्हीवरच्या ‘टुनाइट शो’मध्ये पोहोचले आणि पुढे सत्तराहून जास्त वेळा तिथे झळकले. आपल्या संग्रहातलं एकेक जुनं यंत्र ते मंचावर मांडत. एखादं अडून बसे, एखाद्याचा भाग निखळून हातात येई आणि प्रेक्षक हसून बेजार होत. त्या हशामागे लहानपणापासूनची खरीखुरी ओढ होती. ऑर्गन काय किंवा व्हॅक्यूम क्लीनर काय, दोन्ही यंत्रं चालतात वाऱ्यावर.

कॅन यांच्यासारखे लोक आजही जगभर आहेत. अमेरिकेत व्हॅक्यूम क्लीनर जमवणाऱ्यांचा एक क्लब आहे, त्याची संमेलनं भरतात. मिझुरी राज्यातल्या सेंट जेम्स गावात तर या यंत्रांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की धूळ ओढणाऱ्या यंत्रात जमवण्यासारखं आहे तरी काय? पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढे रेंगाळलेल्या कुणालाही हा प्रश्न पडणार नाही. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते, तरी कारागिरांनी त्यातून मोर घडवले, घोडे घडवले. व्हॅक्यूम क्लीनरचंही तसंच आहे. मोटर, पंखा आणि धूळ अडवणारी पिशवी एवढाच त्याचा मूळ ऐवज, आणि साठ-सत्तर वर्षं त्यात फारसा फरक पडला नाही. बदलत राहिलं ते बाहेरचं अंग. म्हणूनच ही यंत्रं ओळीनं मांडली की त्या त्या काळाला सुंदर काय वाटत होतं, हे डोळ्यांनी वाचता येतं.

सुरुवातीला देखणेपणाचा विचार करायला कुणाला सवडच नव्हती. लंडनचे अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी 1901 मध्ये धूळ ओढून घेणारं यंत्र तयार केलं, ते घोडागाडीवर बसवावं लागे इतकं मोठं होतं. तांबड्या रंगाची ती गाडी रस्त्यावर उभी राही आणि तिच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. 1902 मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्रानं साफ झाले. श्रीमंत घरांत साफसफाई पाहायला पाहुणे बोलावले जात, आणि नळीचा काही भाग पारदर्शक ठेवलेला असे, म्हणजे आपल्याच गालिच्यातून निघालेली धूळ सर्वांसमोर वाहताना दिसावी. धूळ दाखवण्यातली ही गंमत ऐंशी-नव्वद वर्षांनी पुन्हा एकदा बाजार जिंकणार होती.

घरात मावेल असं विजेचं यंत्र ओहायो राज्यातल्या कँटन गावी जन्मलं. जेम्स मरे स्पँग्लर हे तिथल्या एका मोठ्या दुकानात झाडलोट करत. त्यांना दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसवत नसे. पंख्याची मोटर, लाकडी खोका, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून त्यांनी आपल्यापुरता उपाय शोधला. 1908 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. ओळखीतल्या सुझन हूवर यांनी ते यंत्र वापरून पाहिलं. त्यांचे पती विल्यम हूवर चामड्याचा व्यवसाय करत, आणि मोटारी आल्यामुळे घोड्यांच्या सामानाला उतरती कळा लागणार हे त्यांना दिसत होतं. त्यांनी पेटंट विकत घेतलं. पुढे ब्रिटनमध्ये लोक व्हॅक्यूम क्लीनरलाच ‘हूवर’ म्हणू लागले.

हूवरचं यंत्र उभं होतं. त्यात पंखा तळाशी, जमिनीलगत. धूळ आधी पंख्यातून जाई आणि मग दांडीला टांगलेल्या कापडी पिशवीत भरे. स्वीडनच्या ॲक्सेल वेनर-ग्रेन यांच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनं 1921 मध्ये दुसरी वाट धरली. त्यांनी यंत्र आडवं केलं: पुढे पिशवी, मागे पंखा आणि मोटर, सगळं एकाच नळकांड्यात, खाली सरकायला दोन पट्ट्या. संग्राहकांची दोन मोठी घराणी इथूनच सुरू होतात. पिशवी बाहेर लोंबत असल्यामुळे उभ्या यंत्रात आकाराला वाव मिळे तो मोटरवरच्या टोपीला. आडव्या यंत्रात मात्र सगळं पोटात दडलेलं, त्यामुळे अखंड, गुळगुळीत नळकांडं कसं सजवायचं ते कलाकारानं ठरवायचं.

1929 नंतरच्या मंदीनं हे कलाकार कारखान्यांत आणले. विक्री बसली होती. यंत्र चालतंय एवढं सांगून ग्राहक फिरकत नव्हता. कंपन्यांनी रंगमंचाचे नेपथ्यकार, जाहिरातींचे चित्रकार अशा मंडळींना बोलावून वस्तूंचं रूप बदलायला सांगितलं. नेपथ्यातून आलेले हेन्री ड्रेफस यांनी हूवरसाठी 1936 चं ‘मॉडेल 150’ घडवलं. तोवर मोटर, स्क्रू, सांधे सगळं उघडं दिसे. ड्रेफस यांनी त्यावर बेकलाइटची एकसंध, वळणदार टोपी चढवली. तिच्याकडे समोरून पाहिलं की त्या काळच्या रेल्वे इंजिनाची आठवण होते आणि त्यात नवल नाही. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ या गाजलेल्या गाडीचं 1938 मधलं रूपही ड्रेफस यांचंच.

‘मॉडेल 150’च्या पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, ल्युरेल गिल्ड यांनी इलेक्ट्रोलक्सचं ‘मॉडेल 30’ केलं. अनेक संग्राहकांच्या यादीत ते अग्रस्थानी असतं, आणि ते योग्यच आहे. लांबट अंग, दोन्ही टोकांना चकाकतं धातूकाम, मध्ये चामड्यासारखं आवरण, खाली सरकपट्ट्या. माणसाच्या चालीपेक्षा वेगानं ते कधी सरकत नाही, वारा कापण्याची त्याला काहीच गरज नाही. तरीही ते सुटण्याच्या तयारीत असल्यासारखं दिसतं. वेगाचं वेड लागलेल्या त्या दशकाची सगळी आस या दीड हात लांबीच्या यंत्रात उतरली आहे. अमेरिकेतल्या अनेक कलासंग्रहालयांनी ते जपलं आहे, आणि घरगुती यंत्रांमध्ये इतकं निर्दोष रूप क्वचितच सापडतं.

रूपाला एवढं महत्त्व येण्यामागे विक्रीची पद्धतही होती. इलेक्ट्रोलक्स, अमेरिकेची कर्बी, जर्मनीची फोरवेर्क या कंपन्यांचे विक्रेते दारोदार फिरत. फोरवेर्क आधी ग्रामोफोनच्या मोटरी बनवत असे. रेडिओ आल्यावर त्यांची मागणी घटली, तेव्हा कंपनीचे अभियंता एंगेलबर्ट गोरिसेन यांनी त्याच कौशल्यातून 1930 मध्ये ‘कोबोल्ड’ हा हातात धरण्याजोगा क्लीनर उभा केला. दुकानात तो खपेना, दारोदार मात्र खपला. विक्रेता पेटी उघडून यंत्र गालिच्यावर ठेवी, तो पहिला क्षण मोलाचा असे. घरातल्या बाईला ते आपल्या दिवाणखान्यात शोभेल असं वाटलं पाहिजे, हे कंपन्यांनी पक्कं ओळखलं होतं. जाहिराती तिला मोकळ्या दुपारींचं आश्वासन देत. प्रत्यक्षात काय झालं? इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 मधल्या ‘मोर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवून दिलं की यंत्रं आली तशी स्वच्छतेची अपेक्षाही वाढली आणि गृहिणीचे कामाचे तास फारसे कमी झालेच नाहीत. या यंत्रांचं सौंदर्य पाहताना ही बाजू विसरता कामा नये.

मुंबईकरांना हा दारोदारीचा खेळ ओळखीचा आहे. 1982 मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सचा जन्म तेव्हा टाटा समूहात असलेली फोर्ब्स आणि स्वीडिश इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून झाला. टाय लावलेला तरुण विक्रेता सोफ्यावर ‘युरोक्लीन’ फिरवून दाखवायचा, ती पद्धत थेट या परंपरेतली. आपल्याकडे गालिचे कमी, फरशी आणि ओला पोछा जास्त, त्यामुळे अनेक घरांत ते यंत्र गाद्या, पडदे आणि दिवाळीची साफसफाई यांपुरतं उरलं आणि माळ्यावर गेलं.

महायुद्धानंतर रंग आले. हूवरनं 1950 च्या दशकात ‘कॉन्स्टेलेशन’ आणला. हा चक्क गोल चेंडू होता, कमरेभोवती पट्टा असलेला. त्याच्या सुधारित रूपात बाहेर पडणारी हवा खालच्या बाजूनं सोडली होती, त्यामुळे यंत्र हवेच्या पातळ थरावर तरंगत मागे मागे येई. पहिला उपग्रह 1957 मध्ये आकाशात गेला; हा चेंडू त्याच्याही आधीचा. त्याच सुमारास, 1956 मध्ये, इटलीत आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या बंधूंनी ‘स्पाल्टर’ केला. लाल प्लास्टिकचं छोटं अंग आणि चामड्याचा पट्टा. खांद्याला अडकवा, नाहीतर जमिनीवरून ओढा. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात तो आहे. त्यावर नक्षी नाही की चकाकी नाही, केवळ माणसाच्या शरीराचा नीट विचार आहे.

इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या चार्ड गावी न्यूमॅटिक कंपनीनं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हेन्री’ काढला. लाल डबा, डोक्यावर काळी टोपी, हसरा चेहरा आणि नाकाच्या जागी नळी. ऑफिसं आणि शाळांपासून घराघरांत तो पोहोचला. पुढे गुलाबी ‘हेटी’ आणि हिरवा ‘जॉर्ज’ही आले.

ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी पिशवीच काढून टाकली. लाकडाच्या गिरण्यांत भुसा वेगळा करणाऱ्या शंकूसारख्या उपकरणात हवा गरगर फिरते आणि जड कण कडेला फेकले जातात, तीच युक्ती त्यांनी घरगुती यंत्रात आणली. त्यासाठी 5,127 नमुने केले. 1986 मध्ये जपानमध्ये ‘जी-फोर्स’ बाजारात आला, गुलाबी आणि जांभळट रंगांचा, किंमत दोन हजार डॉलरच्या घरात. तिथे तो प्रतिष्ठेची वस्तू ठरला. 1993 मध्ये ब्रिटनमध्ये ‘डीसी 01’ आला, करड्या अंगाचा आणि पिवळ्या भागांचा. धुळीचं भांडं पारदर्शक ठेवू नका, लोकांना घाण पाहायला आवडणार नाही, असा सल्ला डायसन यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. बूथ यांच्या पाहुण्यांनी हे फार आधी सिद्ध केलं होतं: ओढून घेतलेली धूळ पाहण्यात माणसाला मोठं समाधान मिळतं.

कलेच्या जगानंही या यंत्रांकडे वळून पाहिलं. जेफ कून्स यांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू म्यूझियमच्या दर्शनी काचेत कोरे व्हॅक्यूम क्लीनर पारदर्शक पेट्यांत, ट्यूबलाइटच्या उजेडात मांडले. ‘द न्यू’ या मालिकेतली ती यंत्रं कधीच चालू व्हायची नाहीत, त्यांचं कोरेपणच कलाकृती आहे. संग्राहकांची निष्ठा नेमकी उलट. त्यांच्यासाठी न चालणारं यंत्र अर्धंच असतं. मोटर सुरू होताना चढत जाणारा सूर, रबरी पट्ट्याची फडफड, दिव्याचा पिवळा झोत, हे सगळं मिळून त्या वस्तूचं रूप होतं. कून्स यांच्या पेट्या पाहण्यासारख्या आहेत, पण प्रेम म्हणून संग्राहकांचं पारडं जड आहे.

त्या प्रेमात कष्टही भरपूर. ॲल्युमिनियमची काळवंडलेली टोपी खरखरीत कागदापासून अगदी बारीक कागदापर्यंत घासत न्यावी लागते, तेव्हा कुठे आरसा उमटतो. बेकलाइट ठिसूळ, पडलं की तुकडे, आणि उन्हात ठेवलं की चमक जाते. सर्वांत नाजूक असते कापडी पिशवी. तिच्यावरची छापील अक्षरं धुताना विरतात, म्हणून जुनी पण मूळ छपाई असलेली पिशवी मिळाली तर संग्राहक यंत्रापेक्षाही तिलाच जास्त जपतो. 1970 नंतरचं प्लास्टिक वेगळीच डोकेदुखी आणतं: ते पिवळं पडतं, कडा तडकतात, आणि धातूसारखं घासून त्याला परत आणता येत नाही. त्यामुळे आजकालची साधी यंत्रं उद्या दुर्मीळ होतील ती वापरून झिजल्यामुळे कमी आणि प्लास्टिक टिकलं नाही म्हणून जास्त.

ज्यांच्या माळ्यावर असं एखादं जुनं यंत्र पडून असेल, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी खाली उतरवून पाहावं. नावाची पट्टी, मूळ पिशवी, नळीची टोकं, ब्रश, खोका आणि माहितीपुस्तिका एकत्र ठेवाव्यात. संग्राहकाच्या लेखी सुटं यंत्र आणि संपूर्ण संच यांत मोठा फरक असतो. वायर कडक झाली असेल, तिच्यावरचं रबर सुटत असेल, तर प्लग लावूच नये. आधी जाणकार वायरमनकडून ती बदलून घ्यावी. अमेरिकेतून आलेलं यंत्र साधारण 110 ते 120 व्होल्टवर चालणारं असतं. आपल्या 230 व्होल्टला ते सरळ जोडलं तर मोटर जळते, त्यासाठी पुरेशा ताकदीचा ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मॉडेलचा क्रमांक कोरलेला असेल तर ती घासायची नाही, फक्त कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची. यंत्र कोणत्या कारखान्याचं आणि कोणत्या काळातलं हे ठरवायला सगळ्यात आधी तोच क्रमांक लागतो.