साथ आणि शाळा (लेखांक ७) : मास्क कुणी, केव्हा आणि कुठवर?

ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मुलांच्या मास्कविषयी एक सल्ला प्रसिद्ध केला. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको, सहा ते अकरा वयाच्या मुलांचं स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावं, बारा आणि त्यापुढच्यांना मोठ्या माणसांचेच नियम लावावेत, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मात्र दोन वर्षांवरच्या सगळ्यांनाच मास्क घालायला सांगितलं. इंग्लंडने प्राथमिक शाळेतल्या मुलांना वर्गात मास्क कधीच लावला नाही. माध्यमिकच्या मुलांना ८ मार्च २०२१ पासून लावला, १७ मे रोजी काढला आणि जानेवारी २०२२ मध्ये तीनेक आठवड्यांपुरता पुन्हा आणला. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये सांगितलं की पाच वर्षांपर्यंत मास्क नको आणि सहा ते अकरा वयाच्या मुलांनी तो पालकांच्या व डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायला हरकत नाही. विषाणू तोच, तज्ज्ञांपुढचे शोधनिबंधही तेच, तरी पहिलीतल्या मुलाने नाक झाकायचं की नाही याची उत्तरं देशोदेशी वेगळी. पुराव्याने जिथे हात टेकले तिथे प्रत्येक देशाचा स्वभाव बोलू लागला, असं म्हणावं लागतं.

गेल्या दोन लेखांकांत शाळा बंद ठेवण्याचा हिशोब आपण पाहिला. मास्कचा प्रश्न त्याला जोडूनच येतो, आणि माझ्या मते तो त्यापासून तोडला म्हणूनच त्यावर इतकी निष्फळ भांडणं झाली. एका बाजूला मास्क म्हणजे मुलांवरचा अत्याचार, दुसऱ्या बाजूला मास्क नाही म्हणजे मुलांचा जीव धोक्यात. दोन्ही बाजूंनी मास्कची तुलना नेहमीच्या दिवसांतल्या उघड्या चेहऱ्याशी केली. साथीच्या काळात तशी निवड समोर नव्हतीच. समोर होतं ते शाळेचं कुलूप. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की मास्कमुळे कुलूप लवकर निघतं का, निघत असेल तर कुणी घातल्याने निघतं, आणि एकदा निघाल्यावर मास्क कधी उतरवायचा.

आधी मोठ्यांचा पुरावा, कारण खरी प्रयोगनिष्ठ चाचणी फक्त मोठ्यांवर झाली. बांगलादेशातल्या सहाशे गावांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांना घेऊन नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात ती झाली. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, आणि लक्षणं असलेली, रक्तचाचणीने पक्की झालेली लागण जवळपास साडेनऊ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्कच्या गावांत फायदा स्पष्ट दिसला, कापडी मास्कच्या गावांत तितका नाही. साठीपुढच्यांत तो सर्वाधिक होता. डेन्मार्कमधल्या चाचणीत मास्कचा सल्ला दिलेल्या गटात १.८ टक्के आणि न दिलेल्या गटात २.१ टक्के लागण दिसली. इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. २०२३ च्या जानेवारीत कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला तेव्हा ‘मास्क निरुपयोगी’ अशा बातम्या झळकल्या. संस्थेच्या मुख्य संपादकांना मार्चमध्ये खुलासा करावा लागला की हा अर्थ चुकीचा आहे, आढाव्यातून ठोस निष्कर्ष निघत नाही एवढंच. तपासला गेला होता तो बहुतांशी ‘मास्क घाला’ असं सांगण्याचा परिणाम, आणि माणसं सांगितलेलं सगळं करत नाहीत. शाळेत करून घेणारं माणूस समोर उभं असतं, हा शाळेचा फायदा. पण डबा खाताना तिथेही पन्नास तोंडं एकदम उघडतात, हेही खरं.

आता वर्गात येऊ. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये १६९ प्राथमिक शाळांचं निरीक्षण झालं. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा असलेल्या शाळांत रुग्णांचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होतं. हवा खेळती राहावी म्हणून काही केलेल्या शाळांत ते ३९ टक्क्यांनी कमी होतं. विद्यार्थ्यांना मास्क सक्तीचा असलेल्या शाळांत २१ टक्क्यांनी कमी दिसलं, पण हा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, हे मान्य. तरी तीन आकड्यांचा क्रम विचार करायला लावतो: खिडकी, शिक्षक आणि मग विद्यार्थी. आपण नेमके उलटे गेलो. शाळेच्या फाटकात मुलांचे मास्क तपासले गेले, खिडक्यांची चौकशी फारशी कुणी केली नाही. (खिडक्यांविषयी पुढच्या आठवड्यात सविस्तर.)

याच क्रमाला दुजोरा देणारी एक घटना कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत मे २०२१ मध्ये घडली. एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाने लस घेतलेली नव्हती. लक्षणं सुरू झाल्यावरही दोन दिवस शाळेत येणं चालूच राहिलं, आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना मास्क अधूनमधून खाली यायचा. वर्गातल्या २४ मुलांना मास्कचा नियम होता, बाकं सहा फुटांवर होती, दारं-खिडक्या उघडी होती, हवा गाळण्याचं यंत्रही होतं. तरी १२ मुलांना लागण झाली. पुढच्या दोन रांगांतल्या दहापैकी आठ जणांना, मागच्या तीन रांगांतल्या चौदापैकी चौघांना. बोलणारं तोंड उघडं असेल तर ऐकणाऱ्यांच्या मास्कने थोडंच निभावतं. शिक्षकाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण यात दुसराही मुद्दा आहे. वाचून दाखवणं हे त्या पेशाचं मुख्य काम, आणि नियम त्या कामाच्याच आड येत होता. असा नियम नेमका नको त्या क्षणी मोडला जातो. म्हणून मोठ्याने वाचायचा, पाढे म्हणायचा, कविता चालीवर घ्यायचा तास व्हरांड्यात किंवा पटांगणात घ्या, हे सांगणं ‘मास्क अजिबात काढू नका’ असं बजावण्यापेक्षा जास्त पाळलं जाईल.

मुलांच्या मास्कचा स्वतंत्र फायदा किती, यावर सगळ्यात गाजलेला अभ्यास मॅसॅच्युसेट्सचा. त्या राज्याने २८ फेब्रुवारी २०२२ ला शाळांतली सक्ती उठवली. बृहद्-बोस्टनमधल्या ७२ शालेय विभागांपैकी बोस्टन आणि चेल्सी या दोघांनी ती चालूच ठेवली. पुढच्या पंधरा आठवड्यांत, सक्ती उठवलेल्या विभागांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण जास्त झाले, असा हिशोब ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. आकडा ठसठशीत आहे, पण त्यावर घेतलेले आक्षेपही वजनदार आहेत. एका पारड्यात दोन विभाग आणि दुसऱ्यात सत्तर. त्या दोन विभागांतली वस्ती, आधी होऊन गेलेली लागण, चाचण्यांचं प्रमाण, सगळंच वेगळं. स्पेनमधल्या कॅटलोनियात तुलनेची याहून सोपी संधी आपोआप मिळाली. तिथे सहाव्या वर्षापासून मास्क सक्तीचा होता, त्याखालच्या वर्गांना नव्हता. २०२१ च्या शेवटच्या चार महिन्यांत तीन ते अकरा वयाच्या सुमारे सहा लाख मुलांची नोंद पाहिली, तर मास्क न घालणारी बालवर्गातली मोठी मुलं आणि मास्क घालणारी पहिलीतली मुलं यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. वय वाढेल तशी लागण हळूहळू वाढत गेलेली दिसली. सहाव्या वर्षी, जिथे मास्क सुरू होतो तिथे, ती खाली आली नाही. इंग्लंडच्या शिक्षण खात्यानेही मास्क वापरणाऱ्या १२३ माध्यमिक शाळा तपासल्या. करोनामुळे होणारी गैरहजेरी त्यांत ५.३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली; मास्क नसलेल्या शाळांत ५.३ वरून ३.६ वर. फरक ०.६ टक्क्याचा, तोही निश्चित म्हणता न येणारा.

हे सगळं शेजारी ठेवलं की वयाचा धागा हाती लागतो. जपानच्या मात्सुमोतो शहरात २०१४-१५ च्या हंगामात, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी, दहा हजारांहून जास्त प्राथमिक विद्यार्थ्यांच्या फ्लूचा अभ्यास झाला होता. मास्क घालणाऱ्यांत फ्लूची शक्यता साधारण १४ टक्क्यांनी कमी दिसली, आणि हा लाभ पहिली ते तिसरीपेक्षा चौथी ते सहावीच्या मुलांत जास्त होता. कारण शोधायला लांब जायला नको. सहा वर्षांचं मूल मास्क चघळतं, मित्राशी बदलून पाहतं, नाकाखाली ओढतं. बारा वर्षांच्या मुलीला सांगितलं तर ती तो नीट घालू शकते, आणि तिच्या शरीरातला संसर्गही प्रौढांच्या जवळ जाणारा असतो. म्हणजे लहानांत लाभ सगळ्यात कमी. आणि नुकसान? तेही लहानांतच सगळ्यात जास्त. भाषेचे ध्वनी मूल कानाइतकेच डोळ्यांनी शिकतं. प, ब, म म्हणताना मिटणारे ओठ दिसावे लागतात. मास्क उंच कंपनांचा आवाज दाबतो, त्यामुळे स, श, च हे वर्ण पुसट होतात. घरात गोंडी किंवा पावरी बोलून शाळेत पहिल्यांदा प्रमाण मराठी ऐकणाऱ्या मुलाला, किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला, ही तूट भरून काढायला दुसरं साधन नसतं.

मास्कने मुलांचा श्वास कोंडतो हा आक्षेप मात्र टिकत नाही. २०२१ च्या जूनअखेर एका नामांकित बालरोग नियतकालिकात मास्कच्या आत कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीवर जातो असं सांगणारा निबंध आला, समाजमाध्यमांवर वाऱ्यासारखा पसरला, आणि मोजण्याच्या पद्धतीवर शंका आल्याने दोन-तीन आठवड्यांतच मागे घेतला गेला. मागे घेतल्याची बातमी किती जणांपर्यंत पोहोचली असेल? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मुलांना हा आजार फारसा होतच नाही, मग त्यांनी का सोसायचं? करोनात मुलांचा धोका खरोखरच फार कमी होता. पण आपल्या घरांत नातू आजीच्या कुशीत झोपतो, आणि लशी येण्याआधी आजीचा धोका नातवाच्या कित्येक पट होता. त्या काळापुरतं हे कारण पुरेसं आहे. लस आल्यावर ते झपाट्याने कमजोर होतं. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ च्या सर्वेक्षणात सहा ते नऊ वयाच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या ६१.६ टक्के मुलांत प्रतिपिंडं सापडली होती. शाळा तेव्हा बहुतेक ठिकाणी बंदच होत्या. विषाणूला मुलांपर्यंत यायला शाळेची वाट लागली नव्हती.

महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडू लागले. पहिली ते चौथीला डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं, आणि महिनाभरात पुन्हा कुलूप लागलं. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी जुलै २०२१ मध्ये सुचवलं होतं की प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात, कारण लहान मुलं हा संसर्ग जास्त सहज पेलतात. आपण सगळ्यात लहानांना सगळ्यात शेवटी ठेवलं. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत गरीब वस्त्यांतल्या ग्रामीण मुलांपैकी जेमतेम ८ टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती, ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या देशपातळीवरच्या अहवालात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ उरली. या नुकसानापुढे मास्कचा त्रास किरकोळ आहे. धास्तावलेल्या पालकांना आणि वयस्कर शिक्षकांना मास्कमुळे शाळेत यायचा धीर येत असेल, तर सातवी-आठवीपासून पुढे काही महिने तो घालायला लावणं मला पूर्ण समर्थनीय वाटतं. पण ते कुलूप काढण्यासाठी. मास्क असूनही शाळा बंदच ठेवायच्या असतील तर त्या सक्तीला आधार उरत नाही.

आणि सक्तीच्या आदेशातच तिचा शेवट लिहिलेला हवा: शिक्षकांचं लसीकरण पूर्ण झाल्यावर, किंवा जिल्ह्यातल्या रुग्णालयांत खाटा मोकळ्या झाल्यावर, किंवा अमुक आठवड्यांनी आपोआप. आपल्याकडे सक्ती संपली ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातल्या सगळ्या निर्बंधांबरोबर एकदमच. वर्गातल्या मुलांसाठी वेगळा विचार सुरुवातीला झाला नव्हता, तसा शेवटीही झाला नाही.

पुढची साथ करोनाचीच असेल असं नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने घेतलेला देशातला पहिला बळी एका शाळकरी मुलीचा होता. फ्लू मुलांतून जोरात पसरतो आणि मुलांना सोडतही नाही. तिथे लहानांच्या बाबतीतला माझा वरचा युक्तिवाद अर्धा कोसळेल. त्यामुळे आजच कायमचा नियम छापून ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी लवकर कळेल अशी सोय मात्र करता येईल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्याला मुलांच्या मास्कवर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली एकही चाचणी सापडली नाही. जगभर कोट्यवधी मुलांनी मास्क घातला, आणि हाती आली ती मॅसॅच्युसेट्ससारखी वादग्रस्त निरीक्षणं. महाराष्ट्रात लाखाहून अधिक शाळा आहेत आणि आदेश तसाही टप्प्याटप्प्यानेच निघतो. कोणत्या तालुक्यात सक्ती या आठवड्यात आणि कोणत्यात महिन्याने, हे मंत्रालयातल्या अंदाजावर न सोडता चिठ्ठी टाकून ठरवलं आणि शाळांची रोजची हजेरी तेवढी नीट नोंदवली, तर दोन महिन्यांत उत्तर मिळू शकतं. त्याला वेगळा पैसा फारसा लागत नाही. ‘आम्हाला अजून नक्की माहीत नाही’ असं आदेशाच्या पहिल्या ओळीत लिहायची तयारी लागते.