भुईचक्राचं हेलिकॉप्टर

दिवाळीत भुईचक्र पेटवलं की सुर्रकन फिरू लागतं. बाहेरून कुणी जोर लावत नाही; दारूचा वायू कडेने तिरका सुटतो आणि चक्राला उलट ढकलतो. जवळपास याच युक्तीवर 1953 साली फ्रान्समध्ये एक हेलिकॉप्टर उडालं. त्याचं नाव ‘जिन’, बाटलीतून निघतो तोच!

नेहमीच्या हेलिकॉप्टरला एक खोड असते. पोटातलं इंजिन मधला दांडा पिळून पाती फिरवतं, तेव्हा धड उलट्या दिशेने गरगरू पाहतं. त्याला आवरायला शेपटीवर पंखा लागतो. तो शक्ती खातो, वजन मात्र उचलत नाही. पाती टोकाकडून ढकलली तर दांडा पिळायलाच नको.

मग इंजिनच टोकाला बांधावं? गोफण आठवा. 5 मीटर लांबीच्या पात्याचं टोक सेकंदाला 200 मीटर वेगाने फिरतं, तेव्हा तिथली 1 किलोची वस्तू सुमारे 800 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढली जाते.

जिनच्या अभियंत्यांनी टर्बाइन पोटातच ठेवलं. त्याने हवा दाबायची, ती पोकळ पात्यांमधून टोकापर्यंत जाणार आणि तिथून सुटणार. टोकाशी आग नाही, शेपटीला पंखा नाही. तोंड वळवायला इंजिनाच्या झोतात एक सुकाणू, बस्स. जे पातं बाहेरची हवा कापतं, त्याच्याच पोटातून हवा धावते; मला तर हे भलतंच देखणं वाटतं. दोन माणसांची ही यंत्रं शेतावर औषध फवारायलाही गेली. पण हवा दाबून नळ्यांतून न्यायची म्हणजे शक्तीची गळती आलीच. जिन इंधन पिणारच.

याच वाटेने ब्रिटनचं 40 प्रवाशांचं ‘फेअरी रोटोडाइन’ हे यंत्र 1957 साली उडालं. त्यात टोकाशी इंधनही जाळायचे, तेही फक्त चढता-उतरताना. एरवी पाती वाऱ्यानेच फिरत. त्या जाळण्याचा आवाज शहरांना कसा सोसवणार? 1962 साली प्रकल्प गुंडाळला.

आता पोकळीतून हवेऐवजी वीज नेली तर? बर्फ वितळवायला काही हेलिकॉप्टरांच्या फिरत्या पात्यांत वीज नेतातच. टोकाला हलकी मोटर, तिला छोटा पंखा. गोफणीचा हिशेब मात्र पुन्हा समोर येतो. मोटर पात्याच्या मध्यावर सरकवली तर ओढ निम्मी होते. पण ढकलायचा हातही निम्मा होतो.