विश्वकिरण पाड्यावर येतात, प्रयोगशाळा कधी येणार?

आपल्या समाजातला एखादा तरुण पीएच.डी. करतो आहे असे कळले की आम्ही आधी विषय विचारतो. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशी उत्तरे येतात. त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण भौतिकशास्त्र, तेही प्रायोगिक, आणि त्यातही विश्वकिरण, असे उत्तर आमच्या कानावर येत नाही. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवरून तर नाहीच नाही. असे का व्हावे, याचा विचार चळवळीने केलाच पाहिजे.

बाबासाहेबांनी तो १९४२ सालीच केला होता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले होते की, केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे साधणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. ते महाग असल्याने गरिबाच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून सरकारने त्याचा भार उचलावा. या विचाराची कसोटी पाहायची असेल तर विश्वकिरणांइतका चांगला विषय नाही.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून अहोरात्र येणारे प्रचंड ऊर्जेचे कण. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून वर जाऊन त्यांचा शोध लावला. हे कण वातावरणावर आदळले की नव्या कणांचा पाऊस पडतो. त्यातले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. हात आडवा धरला तर तळहातावरून मिनिटाला शंभरएक म्युऑन आरपार जातात. मग तो हात कुलाब्यातला असो की तलासरीच्या पाड्यावरचा.

या विषयात पीएच.डी. करणारा विद्यार्थी करतो काय? टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टी.आय.एफ.आर.चा, ग्रेप्स-३ हा प्रयोग उटीला २,२०० मीटर उंचीवर चालतो. तेथे सुमारे ४०० शोधक उघड्या माळावर मांडले आहेत. शेजारी दोन मीटर जाड काँक्रीटखाली सहा-सहा मीटर लांबीच्या ३,७१२ लोखंडी नळ्या म्युऑन मोजतात. नळीत वायू भरणे, गळती शोधणे, तारा जोडणे, डाग देणे, पावसात बंद पडलेला शोधक पुन्हा चालू करणे, आणि मग वर्षानुवर्षांचे आकडे संगणकावर चाळणे, यातून प्रबंध उभा राहतो. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर वादळी ढग आले आणि म्युऑनची संख्या बदलली. त्या बदलावरून ढगातला विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट असल्याचा हिशेब निघाला, आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे काम डोक्याचे आहे तितकेच हाताचे आहे. ज्या व्यवस्थेने हात राबवणाऱ्याला ज्ञान नाकारले आणि ज्ञान सांगणाऱ्याला हात लावू दिला नाही, तिच्या मुळावरच हे शास्त्र घाव घालते. डहाणूत हातांची वाण नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांनी जग जिंकले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तांदळाच्या पिठाची ती बारीक रेघ ओढणारा हात सर्किटवर डाग देऊ शकत नाही काय? आमच्या हाताचे कौतुक दिवाणखान्याच्या भिंतीपुरतेच का?

कोलारची कहाणी तर चळवळीने पाठच करावी. तेथील सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोल टी.आय.एफ.आर., जपानचे ओसाका आणि इंग्लंडचे डरहॅम येथील शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा पकडल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीतही तसाच प्रयोग यशस्वी झाला. कोलारच्या खाणीत पिढ्यान्‌पिढ्या राबले ते प्रामुख्याने तमिळ दलित कामगार. याच गावाने रिपब्लिकन पक्षाचे आमदार विधानसभेत पाठवले. आफ्रिकेत राबले ते काळे मजूर. विज्ञानाला खोली मिळाली ती या माणसांच्या घामाने. मग त्यांची मुले प्रबंधाच्या मुखपृष्ठावर का नसावीत?

येथे दार कोणी लावले तेही पाहू. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशात आरक्षण देणारा २००६ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टातल्या मोजक्या संस्थांना आरक्षणातून सूट आहे. त्यात टी.आय.एफ.आर. आहे, आणि विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये विश्वकिरणांच्या अभ्यासापासूनच सुरू केलेली अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळाही आहे. शिक्षकांच्या आरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यातही या संस्था वगळल्या आहेत. सबब 'उत्कृष्टते'ची! आरक्षणाने उत्कृष्टता बुडते, हे कोणत्या प्रयोगात सिद्ध झाले? अनुसूचित जमातींसाठी दरवर्षी ७५० राष्ट्रीय फेलोशिप आहेत हे खरे, पण आधी प्रवेश मिळाला तरच फेलोशिप!

म्हणून ही सूट रद्द करण्याची मागणी झालीच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. तारुण्याची वर्षे कायद्याची वाट पाहत नाहीत. विद्यार्थ्यांनो, बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घ्या. जेस्ट, गेट या परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा. टी.आय.एफ.आर.च्या उन्हाळी व्ही.एस.आर.पी. कार्यक्रमाला अर्ज करा. त्यात विद्यावेतन मिळते. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. कुलाबा परदेशात नाही.

आणि डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाने बोर्डी व तलासरीच्या महाविद्यालयांत म्युऑन मोजणारी यंत्रे बसवावीत. अमेरिकेत विद्यार्थी स्वतः जुळवतात असे छोटे यंत्र सुमारे शंभर डॉलरच्या सुट्या भागांत तयार होते. हवेचा दाब उतरला की मोजणी किंचित वाढते, एवढे मुलांनी वर्षभर वहीत टिपले तरी संशोधनाचा श्रीगणेशा झाला. पाड्यावर यंत्र येत नाही असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसर हादरू लागला, तेव्हा भूकंपमापक आलेच होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच तालुक्यात शाळा गुरांमागच्या मुलांपर्यंत कुरणात नेली होती. आता प्रयोगशाळा न्यायची पाळी आहे. ती कोणी आपण होऊन आणून देणार नाही. ग्रामसभेने ठराव करावा, विद्यार्थी संघटनांनी प्रकल्प अधिकाऱ्याकडे तो घेऊन जावे, आणि यंत्र बसेपर्यंत पाठपुरावा सोडू नये!