पेडणे-डिचोलीची कवचसृष्टी : एक मागोवा

1781 साली डिचोली आणि 1788 साली पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलातून पोर्तुगीजांकडे गेले व 'नव्या काबिजादीं'त मोडू लागले. तेव्हापासूनचा या दोन महालांचा इतिहास आपण सनदा आणि दफ्तरे चाळून लिहीत आलो आहोत. परंतु तेरेखोल, शापोरा आणि मांडवी यांच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या कवचधारी जीवांचा वृत्तांतही त्याच्या जोडीला मांडल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही.

आरंभीचा दीर्घ काळ निव्वळ उपयोगाचा होता. ओहोटीला चिखलात उतरून बायकांनी तिसऱ्या नि खुबे वेचावेत, मांस कालवणात जावे आणि उरलेल्या शिंपा भट्टीत भाजून त्यांचा चुना भिंतींना लागावा, असा कोकणपट्टीचा परिपाठ होता. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत तर सपाट, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन लाकडी चौकटींत बसवीत. त्यांतून ऊन गाळून आत येई. पुढे काच स्वस्त झाली आणि ही कारागिरी मागे पडली.

तिसरीची एक शिंप हाती घेऊन निरखावी. बिजागरीजवळचा उंचवटा हा तिचा बालपणीचा भाग. तेथून कडेपर्यंत एकाबाहेर एक वळ्या उमटत गेलेल्या दिसतात. आतील मऊ प्रावरण पाण्यातील चुन्याचा अंश घेऊन कडेला नवा थर चढवीत जाते, आणि पाणी अनुकूल की प्रतिकूल याची नोंद एखाद्या चोख कारकुनाच्या रोजकीर्दीप्रमाणे त्या वळ्यांत होत राहते. कासवाची गोष्ट निराळी. त्याच्या पाठीची ढाल फासळ्या व मणके एकत्र जुळून बनलेली, वरून शृंगद्रव्याच्या खवल्यांनी मढवलेली असते. म्हणून कवच सोडून कासवाला बाहेर पडता येत नाही.

याच कासवांनी पेडण्यात दृष्टिपालट घडविला. मोरजी व मांद्रे येथील वाळूत ऑलिव्ह रिडले माद्या एका वेळी शंभरांच्या आसपास अंडी घालतात. पूर्वी ती अंडी खाण्याविकण्यासाठी उकरली जात. 1990 नंतरच्या दशकात गावकरी आणि वनखाते यांच्या सहकार्याने घरट्यांवर पहारा बसला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र कासवाला लाभले, तसेच पुढे खिडक्यांच्या शिंपल्यालाही लाभले.

तथापि कायद्याने कवच वाचते, पाणी आपोआप वाचत नाही. डिचोलीच्या खाणींची माती पावसाळ्यात ओढ्यांवाटे नदीत उतरते, आणि पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्याच्या कल्ल्यांत असा गाळ साचू लागला की त्याची वाढ खुंटते. इकडे किनाऱ्यावरील दिव्यांचा झगमगाट नवजात पिल्लांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतो. म्हणून पुढील काळाचे कर्तव्य स्पष्ट आहे : खाणीची माती खाणीतच अडवणे, विणीच्या हंगामात किनारा अंधारा ठेवणे आणि तिसऱ्यांना वाढीची सवड देऊनच त्या वेचणे. घरट्यांवर पहारा देणाऱ्या मोरजीच्या ग्रामस्थांनी अशी शिस्त लोकांच्या अंगवळणी पडू शकते हे सिद्ध केले आहे. तीच आता नदीच्या उगमापर्यंत न्यावयास हवी.